पडद्यावरचा प्रश्न

माणूस मुळात चांगला की वाईट, एकाच्या चांगुलपणासाठी दुसऱ्याने किती सोसावे, सत्य विचारण्याचा अधिकार कोणाला आणि त्याचे उत्तर देण्याचे कर्तव्य कोणाचे, हे प्रश्न पूर्वी ग्रंथांतून, कीर्तनांतून आणि प्रवचनांतून विचारले जात. गेल्या शतकात त्यांना आणखी एक ठिकाण लाभले. यात्रेतल्या तंबूत, तालुक्याच्या टॉकीजमध्ये, रविवारी दूरदर्शनच्या संचासमोर आणि आता हातातल्या मोबाईलवर हेच प्रश्न आपल्या भेटीस येतात. ज्याने आयुष्यात तत्त्वज्ञानाचे एकही पुस्तक उघडले नाही, त्यानेही कधीतरी अंधारात बसून, एखाद्या अनोळखी माणसाचे दुःख पाहता पाहता, स्वतःला काही विचारलेले असते. चित्रपटाला तत्त्वचिंतन साधते की नाही, हा वाद विद्वानांनी घालावा. आमची शंका त्यापुढची आहे. चित्रपटाने प्रश्न विचारल्यावर आपण त्या प्रश्नाचे काय करतो?

धर्मगुरूने चित्रपटाविषयी बोलायचे म्हणजे काय पाहू नये ते सांगायचे, असा एक समज आपल्या समाजात रुजलेला आहे. त्याला कारणही आहे. 1936 साली पोप पायस अकरावे यांनी चित्रपटांविषयी 'विजिलांती कुरा' हे परिपत्रक काढले. या नव्या माध्यमाच्या सामर्थ्याची जाण त्यात होती, परंतु मुख्य सूर सावधगिरीचा होता. पुढे 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'इंतेर मिरिफिका' या दस्तऐवजात संपर्कमाध्यमांचे स्वागत केले. 1995 साली, चित्रपटकलेला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने, व्हॅटिकनने 45 चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. त्यातील मूल्यांच्या भागात डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा 1948 सालचा इटालियन चित्रपट आहे. सायकल चोरीस गेल्यामुळे रोजगार गमावण्याची पाळी आलेला एक गरीब बाप शेवटी स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलू पाहतो, आणि ते त्याचा लहान मुलगा पाहतो, एवढीच ती कथा. चित्रपट मोठा प्रश्न कसा विचारतो, हे या कथेवरून ध्यानी यावे. त्या यादीत भारतीय दिग्दर्शकाचा मात्र एकही चित्रपट नाही. त्याची खंत करीत बसण्यापेक्षा आपल्या पायाखालची भूमी न्याहाळलेली बरी.

इंदापूर तालुक्यातील वरकुटे हे काही चित्रपटांचे गाव म्हणून कोणी ओळखत नाही. शेती, ऊस, दुधाचे कॅन आणि पाण्याची चिंता यांतच या भागाचे दिवस जातात. परंतु नकाशा पुढे ठेवून पाहावे. हा तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला आहे. नीरा नरसिंहपूरला त्यांचा संगम होतो. भीमेपलीकडे, उजनीच्या फुगवट्याच्या दुसऱ्या तीरावर करमाळा तालुका लागतो. तेथील जेऊर हे 'फँड्री' आणि 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे गाव. नीरा ओलांडली की अकलूज. 'सैराट'मधील आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, तेथली. वायव्येकडे दौंड; 'सामना'चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल यांनी तेथे बालरोगतज्ज्ञ म्हणून रुग्ण तपासले. आणि याच तालुक्यातून दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी पंढरीकडे जाते. त्या तुकोबांवरचा 'संत तुकाराम' हा मराठी चित्रपटाचा मानबिंदू होय. म्हणजे माणसाच्या स्वभावाविषयी मराठी पडद्याने जे गंभीर प्रश्न विचारले, त्यांतील काही येथल्या शिवेवरूनच गेलेले आहेत. त्यांची उत्तरे शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही.

या चित्रपटांकडे वळण्यापूर्वी जुन्या करारातील एका प्रसंगाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. दावीद राजाने उरियाची पत्नी आपलीशी केली आणि उरियाला लढाईच्या ऐन तोंडावर उभे करून त्याचा काटा काढला. तेव्हा नाथान संदेष्टा राजाकडे गेला. त्याने आरोप केला नाही. एक गोष्ट सांगितली. एका नगरात एक श्रीमंत होता आणि एक गरीब. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते. गरिबाकडे एकच कोकरू, तेही लेकीसारखे मांडीवर वाढविलेले. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपल्या कळपाला हात न लावता त्या गरिबाचे कोकरू नेले आणि पाहुण्याला जेवू घातले. गोष्ट ऐकून दावीद संतापला. असा माणूस मरणदंडासच पात्र आहे, असे तो उद्गारला. दावीद हा उत्तम प्रेक्षक होता! त्याला करुणा आली, क्रोध आला, न्यायबुद्धी जागी झाली. राहिली होती ती एकच गोष्ट, आणि ती नाथानाने पूर्ण केली. तो माणूस तूच, असे त्याने राजाला सांगितले.

आपल्या काव्यशास्त्रात भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आहे. रंगभूमीवरील दुःख एका व्यक्तीचे राहत नाही, ते सर्वांचे होते, आणि म्हणूनच करुण रसाच्या आस्वादातही आनंद असतो, असा तिचा आशय. ॲरिस्टॉटलने करुणा आणि भीती यांच्या योगे होणाऱ्या विरेचनाचा विचार सांगितला. दोघांचेही म्हणणे खरे आहे. त्याशिवाय माणसे पैसे देऊन रडायला का गेली असती? परंतु नाथानाने केले ते याच्या अगदी उलट होते. सर्वांचे झालेले दुःख त्याने उचलले आणि एका माणसाच्या पदरात टाकले. कथेचा आस्वाद साधारणीकरणाने होत असेल, पण तिचे नैतिक कार्य तेथून पुढे, एकेकट्या श्रोत्यापाशी सुरू होते.

चित्रपटगृहात मात्र नाथान उभा नसतो. दिवे लागतात, खुर्च्या वाजतात, आणि तो माणूस कोण हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. येथेच आपण बगल देतो. गंमत अशी की, ज्या चित्रपटांना आपण मनापासून नावाजतो, त्यांच्याच प्रश्नांना आपण अधिक सफाईने चुकवतो. आम्हांस यासाठी वापरल्या जाणाऱ्या तीन वाटा स्पष्ट दिसतात. पहिली वंदनाची, दुसरी विनोदाची आणि तिसरी विशेषणाची.

पहिली वाट 'संत तुकाराम'च्या निमित्ताने पाहू. पोपमहोदयांचे ते परिपत्रक निघाले त्याच 1936 साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने हा चित्रपट काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो 57 आठवडे चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोकांनी तो हात जोडून पाहिला. त्यात वावगे काही नाही. परंतु या चित्रपटाचा खरा प्रश्न तुकोबांपाशी नसून जिजाईपाशी आहे, आणि हात जोडलेल्या माणसाला तो सहसा दिसत नाही.

गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली जिजाई ही साधीसुधी कजाग बायको नव्हे. घरात दाणा नाही, पोरे भुकेली आहेत, आणि नवरा हाती आले ते वाटून मोकळा होतो. मूल आजारी पडते तेव्हा ती थेट देवळात शिरून पांडुरंगावर पायताण उगारते. त्या काळच्या भक्तिपटात असे दृश्य दाखविणाऱ्यांचे धैर्य मोठे होते. अखेरीस तुकोबा वैकुंठाला निघतात आणि जिजाई आपल्या संसारापाशी राहते. चित्रपट तिला पापी ठरवीत नाही, हास्यास्पदही करीत नाही. तो दोघांनाही समोर ठेवतो आणि विचारतो: एका सत्पुरुषाच्या औदार्याची किंमत ज्यांनी उपाशी राहून चुकवली, त्यांचा वाटा त्या पुण्यात किती? तुकोबांनी हिशेब केला असता, तर ते तुकोबा झाले नसते. जिजाईने हिशेब सोडला असता, तर पोरे जगली नसती. जगाला दोघांचीही गरज आहे. परंतु आपण मंदिर एकाचेच बांधतो.

पालखी या तालुक्यात मुक्कामाला येते तेव्हा घरोघरी चुली पेटतात. कोणाकडे पिठले-भाकरी, कोणाकडे आमटी-भात, कोणाकडे पहाटेचा चहा. वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्या बाया बहुधा पालखीचे दर्शन धावत येऊन, ओल्या हातांनीच घेतात आणि पुन्हा चुलीकडे वळतात. त्यांना कोणी संत म्हणत नाही. आमच्यासारख्या ब्रह्मचारी माणसाच्या घरी जिजाई नसते, असे वरवर पाहता वाटेल. पण देवाच्या कामासाठी सर्वस्व वाहिलेल्या कोणत्याही माणसाच्या मागे एखादी आई, बहीण, स्वयंपाकीण, किंवा आठवड्याच्या मजुरीतून दानपेटीत नाणे टाकणारी विधवा उभी असतेच. चांगुलपणा कोणाच्या तरी खर्चाने चालतो. 'संत तुकाराम' पाहून हात जोडावेत. मात्र जोडलेले हात सोडल्यावर घरातल्या चुलीकडे एकदा पाहावे. 'दयासागर'सारखे ख्रिस्तचरित्रपट गावोगावी पाहताना आपल्या लोकांनी असेच डोळे पुसले आहेत. वधस्तंभावरच्या खिळ्यांसाठी अश्रू आले, पण ते खिळे ठोकणारे हात कोणत्या स्वभावाचे होते हा प्रश्न त्या अश्रूंत वाहून गेला. वंदनाचा हा धोका आहे. ज्याला आपण देव्हाऱ्यात बसवतो, त्याला आपल्याला काही विचारता येत नाही.

दुसरी वाट विनोदाची. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. त्याची भूमी म्हणजे आपलीच भूमी: साखर कारखान्याचा परिसर, सत्ताधीश हिंदुराव, त्याचा वाडा, त्याचा शब्द. एकेकाळी स्वातंत्र्यलढ्याचे स्वप्न पाहिलेला आणि आता दारूत बुडालेला एक मास्तर या परिसरात येऊन पडतो. हिंदुराव त्याला आश्रय देतो. आणि मग त्या मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. लष्करातून परतलेला, सत्तेपुढे उभा राहिलेला आणि नंतर नाहीसा झालेला एक माणूस. त्याचे पुढे काय झाले, एवढेच मास्तर विचारू लागतो, आणि विचारीतच राहतो.

यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला असा, की हजारोंचे भले करणाऱ्याला एका माणसाचा बळी माफ असावा काय? हिंदुराव हा निव्वळ दुष्ट नाही. सहकाराने या मुलखात काय केले हे आपण जाणतो. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या अनेक कोरड्या भागांत कारखान्यांच्या मागोमाग रस्ते, शाळा, महाविद्यालये, दवाखाने आले. हे सर्व एका तागडीत आणि मारुती कांबळे दुसऱ्या तागडीत. तागडी कोणीकडे झुकावी? लोकांसाठी एक माणूस मेलेला बरा, असा हिशेब येशूच्या वेळी कयफानेही मांडला होता, आणि तो त्या सभेत सर्वांना पटला होता. हिशेब म्हणून त्यात चूक काढणे अवघड आहे. चूक एवढीच, की जो माणूस तागडीत टाकला जातो त्याला कोणी विचारलेले नसते.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे. विचारणारा मास्तर स्वच्छ नाही. तो हिंदुरावाच्या घरचे जेवतो, त्याचीच दारू पितो. ज्याचे मीठ खाल्ले त्याला जाब विचारण्याचा अधिकार उरतो का? आपल्या भागात तर प्रत्येकाने कोणाचे ना कोणाचे मीठ, किंबहुना साखर, खाल्लेली असते. कोणाचा मुलगा संस्थेत लागलेला, कोणाची उसाची तोड वेळेवर आलेली, कोणाचे कर्ज मंजूर झालेले. स्वच्छ माणसानेच प्रश्न विचारावा अशी अट घातली, तर प्रश्न कधीच विचारला जाणार नाही. आणि सत्तेला नेमके तेच हवे असते. 'सामना'चे म्हणणे असे की, प्रश्नाचे मोल विचारणाऱ्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसते. उलट, विचारता विचारताच तो पडलेला माणूस उभा राहू लागतो.

या प्रश्नाचे महाराष्ट्राने काय केले? त्याची म्हण केली. विधिमंडळापासून पारावरच्या गप्पांपर्यंत, एखादी फाईल गहाळ झाली, एखादा पुढारी दिसेनासा झाला की मारुती कांबळेचे नाव निघते आणि हशा पिकतो. निळू फुले यांच्या हिंदुरावाच्या लकबी स्नेहसंमेलनांतून वठविल्या गेल्या, टाळ्या मिळवून गेल्या. थोर नटाचे ते यशच आहे. परंतु ज्या नावाने घशात आवंढा यावा, त्या नावाने हसू यावे, हे प्रेक्षकाचे अपयश आहे. उजनीचे पाणी खूप खाली गेले की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ वर येते. लोक गाड्या काढून पाहायला जातात, फोटो काढतात, आणि पाणी चढले की विसरतात. मारुती कांबळे आपल्यासाठी असाच झाला आहे. त्याचे नाव अधूनमधून वर येते. त्याचे काय झाले याचा शोध मात्र कोणी घेत नाही.

तिसरी वाट विशेषणाची, आणि ती आपल्या काळाची आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (2013) मध्ये जब्या हा कैकाडी समाजातील शाळकरी मुलगा आहे. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. गावातील डुकरे पकडण्याचे काम त्याच्या कुटुंबाकडे येते, आणि ते वर्गातल्या मुलांच्या, त्याला आवडणाऱ्या मुलीच्या देखत करावे लागते. गावातील लोक एखादा खेळ पाहावा तसे हसत बसलेले असतात. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते, आणि हाताशी आलेले डुक्कर निसटून जाते. पुढे डुक्कर खांद्यावर घेऊन कुटुंबातील माणसे चालतात तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रे दिसतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो दगड सरळ पडद्यातून आपल्या दिशेने येतो आणि अंधार होतो. नाथानाने शब्दांत जे केले, ते येथे एका दगडाने केले आहे. पडद्यावर हसणारे लोक आणि खुर्चीत बसून थोडे थोडे हसलेले आपण यांच्यात फरक कोणता, असे तो दगड विचारतो.

29 एप्रिल 2016 रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला. 'झिंगाट' गाण्यावर प्रेक्षक चित्रपटगृहात उठून नाचले. तेच प्रेक्षक शेवटी मुके झाले. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले पोर घरी येते, रक्तात पडलेल्या आईबापांना पाहून रडत दाराबाहेर पडते, आणि त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे मागे उमटत जातात. संगीत नाही, शब्द नाही. मराठी चित्रपटाने विचारलेला याहून कठोर प्रश्न आम्हांस आठवत नाही. प्रेमाविषयी तो नव्हताच. आपली लेक आपल्या मालकीची आहे असे मानणाऱ्या, एरवी प्रेमळ, कुटुंबवत्सल, पाहुण्यांना आग्रहाने वाढणाऱ्या माणसाच्या आत काय दडलेले असते, हा तो प्रश्न होता.

त्या चित्रपटानंतर मुली घरून पळून गेल्या की वर्तमानपत्रांतून 'सैराट' हे विशेषण झळकू लागले. कोठे जातीबाहेरच्या विवाहापायी खून पडला, की 'सैराट'ची पुनरावृत्ती असा मथळा आला. ज्यांचा खून झाला त्यांची स्वतःची नावे होती, त्यांचे स्वतःचे गाव होते, भाऊ आणि मामा होते, मध्यस्थी करू शकले असते असे शेजारी होते. विशेषण लावले की हे सारे झाकले जाते. घटना ओळखीची वाटते, आणि ओळखीच्या घटनेपाशी कोणी थांबत नाही. उसाच्या हंगामात वरकुट्याच्या आसपासच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर जातात तेव्हा त्यांवरील ध्वनिवर्धकातून आजही 'झिंगाट' ऐकू येते. गाणे लोकांपाशी राहिले. ते लहान मूल कोठे गेले?

यावर कोणी म्हणेल की फादर, चित्रपट ही करमणूक आहे; दिवसभर राबलेल्या माणसाने तीन तास विसावा घेतला तर त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा कशाला? हे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. विसावा ही माणसाची खरी गरज आहे, आणि सर्वच चित्रपटांनी प्रश्न विचारावेत असा आमचा आग्रह नाही. परंतु जो चित्रपट प्रश्न विचारतो आणि ज्याने आपल्याला रात्री झोपू दिले नाही, त्याची सकाळी म्हण करून टाकणे हा विसावा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. चित्रपट पाहून कोणी सुधारले आहे काय? याचे उत्तर एका चित्रपटानेच दिलेले आहे, आणि ते आपली खुशामत करणारे नाही.

अकिरा कुरोसावा यांच्या 'इकिरू' (1952) या जपानी चित्रपटात वातानाबे नावाचा नगरपालिकेतील एक अधिकारी आहे. तीस वर्षे त्याने कागदांवर शिक्के मारण्यापलीकडे काही केलेले नाही. पोटाच्या कर्करोगाने आपण थोड्याच दिवसांचे सोबती आहोत हे कळल्यावर तो आधी मौजमजेत सुख शोधतो आणि मग वस्तीतल्या बायकांचा धूळ खात पडलेला एक अर्ज हाती घेतो. सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग व्हावी, एवढीच त्यांची मागणी असते. प्रत्येक टेबलापुढे वाकून, अपमान गिळून तो ती बाग करवून घेतो आणि तिथल्याच झोपाळ्यावर, बर्फ पडत असताना मरतो. कोणत्याही दुसऱ्या दिग्दर्शकाने येथे पडदा टाकला असता. कुरोसावा टाकत नाहीत. ते आपल्याला वातानाबेच्या शोकसभेत नेतात. सहकारी प्रथम त्याचे श्रेय नाकारतात. मग मद्य चढत जाते तसे ते रडू लागतात, आणि आपणही यापुढे असेच काम करू अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा तसाच एक अर्ज येतो आणि पुन्हा दुसऱ्या टेबलाकडे पाठविला जातो. एकजण मात्र संतापून खुर्चीवरून उठतो. काही न बोलता तो परत खाली बसतो आणि कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो. शेवटी तो एकटाच पुलावर उभा राहून त्या बागेत खेळणाऱ्या मुलांकडे पाहताना दिसतो.

शोकसभेतले ते सहकारी म्हणजे आपण प्रेक्षक. वंदन, विनोद आणि विशेषण यांच्या जोडीला ही चौथी वाट ठेवली पाहिजे: रात्रीच्या अश्रूंची आणि सकाळच्या विसराची. त्या पुलावरच्या माणसाकडेही नीट पाहावे. त्याने अद्याप काही केलेले नाही. परंतु तो प्रश्नाला नाव ठेवून मोकळा झालेला नाही. माणसाचा स्वभाव एका चित्रपटाने बदलत नाही, एका प्रवचनानेही बदलत नाही, हे आमच्या व्यवसायातील माणसाला सांगावे लागत नाही. पण एखादा प्रश्न घेऊन थोडा वेळ उभे राहण्याची शक्ती माणसाला दिलेली आहे. त्या शक्तीचा वापर करायचा की नाही, हे स्वातंत्र्यही दिलेले आहे.

तो वापर वरकुट्यासारख्या ठिकाणी कसा करायचा? आमच्या मते प्रश्नाला पत्ता द्यावा. दरवर्षी पावसाळा सरला की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर या पट्ट्यात येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत राबायचे. नवरा आणि बायको मिळून त्यांना एक कोयता म्हणतात. दोन जीवांचे मिळून एक हत्यार, अशी ही गणती आहे. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, त्यांत पोरे वाढतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की एका पहाटे कोपी रिकामी होते. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. त्या बातमीतील स्त्रियांपैकी कोणी कदाचित आपल्याच शिवारातील ऊस तोडून गेली असेल. मागल्या हंगामात बांधावर धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असलेली मुलगी यंदा का आली नाही? ती शाळेत गेली, की तिचे लग्न लावून दिले, की तिच्या हाती कोयता आला? हे विचारले तर 'सामना'चा प्रश्न पुन्हा जिवंत होतो. त्याला उत्तर देण्यासाठी हिंदुरावाची वाट पाहावी लागत नाही. मुकादमाला, शिक्षकाला, त्या मुलीच्या आईला विचारता येते. आपण स्वच्छ आहोत की नाही, याचा निकाल आधी लागण्याचीही गरज नाही. त्या मास्तरनेही त्याची वाट पाहिली नव्हती.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. आपल्या शाळांतून, युवकांच्या शिबिरांतून, महिला मंडळांतून चित्रपट दाखविले जातात. ते अवश्य दाखवावेत, आणि केवळ ख्रिस्तचरित्रपटच दाखवावेत असे नाही. 'संत तुकाराम' दाखवावा, 'सामना' दाखवावा, मोठ्या मुलांना 'फँड्री' दाखवावा. मात्र शेवट झाल्याबरोबर दिवे लावून चहा वाटू नये. थोडा वेळ शांत बसावे. नंतर चित्रपट कसा वाटला, कोणाचे काम आवडले, असे विचारू नये. त्याने वंदन आणि विनोद यांनाच आमंत्रण मिळते. या गोष्टीत मी कोणाच्या जागी आहे, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारावे. उत्तर मोठ्याने सांगण्याचे कारण नाही. कोणी स्वतःला जिजाईच्या जागी पाहील, कोणी भिंतीवर बसून हसणाऱ्यांत, कोणी हिंदुरावाच्या पंगतीत. ज्याला जी जागा सापडेल, तिच्यापासून त्याच्या घराकडे एक वाट जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावरून किती पावले टाकली जातात, ते पाहणे मग त्याच्याकडे आणि देवाकडे राहील.